नाहीचा नकाशा

पडद्यावर समुद्राचा एक चौकोन यायचा. करडं पाणी, त्यावर लाटांचे पांढरे फटकारे. विमानाचा तुकडा, तेलाचा तवंग, तराफा असं काही दिसलं तर तिथे खूण करायची, नाहीतर पुढचा चौकोन घ्यायचा. २०१४ च्या मार्चमध्ये एका अमेरिकी कंपनीनं आपली उपग्रहचित्रं सगळ्यांना खुली केली होती आणि जगभरातली लाखो माणसं घरबसल्या ती चाळत होती. रात्रीची जेवणं उरकली की मीही बसायचो. बायको विचारायची, "सापडलं का तुमचं विमान?" मी मान हलवायचो आणि पुढचा चौकोन उघडायचो.

सुरुवातीचे ते चौकोन थायलंडच्या आखाताकडचे होते. विमान तिथून केव्हाच मागे वळून गेलं होतं. म्हणजे "इथे काही नाही" म्हणत पुढे सरकणारा प्रत्येक जण बरोबर होता. चुकत होते ते खुणा करणारे.

मलेशियन एअरलाइन्सचं एमएच ३७० हे बोइंग ७७७ विमान ८ मार्चला रात्री पाऊण वाजायच्या सुमारास क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघालं. आत २३९ माणसं होती, त्यांत पाच भारतीय. एक वाजून एकोणीस मिनिटांनी वैमानिकाच्या खोलीतून नियंत्रकांना शेवटचं "गुड नाइट" गेलं आणि दोनच मिनिटांनी नियंत्रकांच्या पडद्यावरून विमान पुसलं गेलं. लष्करी रडारवर मात्र ते दिसत होतं. ते वळलं, मलाय द्वीपकल्प ओलांडून पिनांगवरून अंदमान समुद्राकडे गेलं आणि दोन वाजून बावीस मिनिटांनी तिथूनही नाहीसं झालं. रडारवरची ही नोंद शोधमोहिमेच्या उपयोगी पडेपर्यंत दिवस गेले. तोवर जहाजं पूर्वेकडचं पाणी ढवळत होती. नंतर भारतीय नौदल आणि तटरक्षक दलही अंदमानच्या बाजूला उतरलं. तिथेही नाही.

मग एका ब्रिटिश उपग्रह कंपनीच्या नोंदवहीतून पुढचा धागा निघाला. सगळी संपर्कयंत्रणा गप्प झाल्यावरही विमानातलं एक उपकरण साधारण दर तासाला उपग्रहाच्या हाकेला "आहे" एवढं उत्तर देत होतं. शेवटचं उत्तर सकाळी आठ एकोणीसला आलं. हाक जाऊन उत्तर यायला किती वेळ लागला, यावरून विमान उपग्रहापासून किती दूर होतं ते काढता येतं. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळानं आला त्यावरून ती किती लांब पडली हे कळावं, पण कोणत्या अंगाला ते कळू नये, तसंच हे. समान अंतरावरच्या सगळ्या जागा जोडल्या की पृथ्वीवर एक कमान उमटते. अशा कमानी काढल्या गेल्या. उत्तर की दक्षिण, हे संदेशाच्या लहरींतल्या सूक्ष्म फरकावरून ठरलं. शेवटची, सातवी कमान हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडे उतरत होती. तिथे उतरायला विमानतळ नाही, बेट नाही, काहीच नाही. २४ मार्चला मलेशियाच्या पंतप्रधानांनी विमान तिथे संपल्याचं जाहीर केलं. काही नातेवाइकांना ही बातमी मोबाइलवरच्या संदेशातून मिळाली.

उत्तराला लागणारा हा वेळ पूर्वी नोंदला जातच नसे. तो साठवून ठेवायची सोय आधीच्या एका अपघातानंतर करण्यात आली होती, आणि समुद्रातल्या शोधाबद्दल मला सगळ्यात जास्त त्याच अपघातानं शिकवलं आहे. रिओ द जानेरोहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान १ जून २००९ ला अटलांटिकमध्ये कोसळलं. २२८ माणसं गेली. थोड्याच दिवसांत शेपटीचा भाग आणि मृतदेह पाण्यावर सापडले, पण मूळ सांगाडा आणि काळ्या पेट्या खोल कुठेतरी होत्या. काळ्या पेटीला एक ध्वनियंत्र जोडलेलं असतं. पाण्यात पडलं की ते साधारण महिनाभर टिकटिकत राहतं. जहाजं, अगदी फ्रेंच पाणबुडीसुद्धा, कान लावून फिरली. काही ऐकू आलं नाही. साहजिकच जिथे जिथे ऐकून झालं होतं त्या भागावर काट पडली आणि पुढची दोन वर्षं शोध दुसरीकडेच चालला.

शेवटी तपास यंत्रणेनं गणित्यांकडे हे काम दिलं. त्यांनी अठराव्या शतकातल्या थॉमस बेज या इंग्रज पाद्र्याच्या संभाव्यतेच्या गणितानं सगळे पुरावे पुन्हा मांडले, पण एक प्रश्न जास्तीचा विचारला. ती दोन्ही ध्वनियंत्रं बंदच पडली असली तर? तेवढ्यानं काट मारलेला भाग पुन्हा नकाशावर आला, आणि सर्वांत गडद होऊन आला. २०११ च्या मार्चअखेरीस पाण्याखालची स्वयंचलित यानं तिथे सोडली गेली आणि आठवडाभरातच सांगाडा सापडला. खोली सुमारे ३,९०० मीटर. विमानाच्या शेवटच्या ज्ञात जागेपासून अंतर जेमतेम साडेसहा सागरी मैल. दोन वर्षं सगळे त्याला वळसा घालून फिरत होते.

एमएच ३७० च्या बाबतीत याच्या उलटं घडलं. एप्रिल २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या 'ओशन शील्ड' जहाजाला पाण्यातून टिकटिक ऐकू आली. ध्वनियंत्राचा महिना तेव्हा संपत आला होता. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी मोठ्या खात्रीनं सांगितलं की आता जागा काही किलोमीटरांच्या आत आली आहे. पाण्याखालच्या यंत्रानं तिथला साडेआठशे चौरस किलोमीटर तळ विंचरून काढला, आणि विमान तिथे नव्हतं. घाईची दोन्ही रूपं इतक्या जवळजवळ पाहायला मिळणं दुर्मीळ. मला स्वतःला पहिलं जास्त भयंकर वाटतं. खोटा "आहे" फार दिवस टिकत नाही, कारण माणूस तिथे जाऊन बघतो. खोटा "नाही" मात्र टिकतो, कारण तिकडे पुन्हा कोणी फिरकत नाही.

त्यानंतर खरी मोहीम सुरू झाली ती पर्थच्या नैऋत्येला, किनाऱ्यापासून जहाजाला सहा-सहा दिवस लागावेत अशा पाण्यात. आधी तळाचा नकाशाच करावा लागला. त्या भागाच्या तळापेक्षा चंद्र-मंगळाच्या पृष्ठभागाची आपल्याला अधिक बारकाईनं माहिती होती. मग सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या केबलच्या टोकाला ध्वनीनं तळ टिपणारं यंत्र बांधून तळापासून शे-दीडशे मीटरांवरून ते ओढत न्यायचं, माणूस चालेल त्या वेगानं. एक पट्टा संपला की जहाज वळवायलाच काही तास. पाणी कुठे कुठे सहा किलोमीटर खोल. वर चाळीस अक्षांशाकडचे वारे आणि डोंगराएवढ्या लाटा. २०१६ च्या जानेवारीत असं एक यंत्र तळावर २,२०० मीटर उंच उठलेल्या चिखलाच्या ज्वालामुखीवर आदळलं आणि केबलसकट तुटून गेलं. पुढे ते परत मिळवलं. १७ जानेवारी २०१७ ला मोहीम थांबली तेव्हा १,२०,००० चौरस किलोमीटर तळ पाहून झाला होता. म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून मोठा प्रदेश, आणि त्यावर एकच शेरा.

अगदीच काही सापडलं नाही असं मात्र नाही. दोन बुडालेली जहाजं सापडली, एक लाकडी आणि एक लोखंडी. कोळशाचे ढीग तळावर तसेच पडून होते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या संग्रहालयातल्या अभ्यासकांनी दोन्ही जहाजं एकोणिसाव्या शतकातली ठरवली. लोखंडी जहाज बहुधा 'वेस्ट रिज' असावं असा त्यांचा अंदाज आहे. १८८३ मध्ये इंग्लंडहून हिंदुस्थानला निघालेलं हे जहाज अठ्ठावीस खलाशांसह नाहीसं झालं होतं. त्या खलाशांच्याही बायका असतील, आया असतील. त्यांनी बंदरावर जाऊन चौकशा केल्या असतील, विम्याच्या कचेरीत कुणी हात हलवले असतील. त्यांची वाट पाहणारे सगळे मरून गेल्यावर, दुसऱ्याच कुणाला शोधताना, ते सापडले. ही बातमी वाचली तेव्हा मला आनंद व्हावा की वाईट वाटावं तेच कळेना.

आजोळी, हर्णैच्या बाजूला, माझ्या लहानपणी एक बाई होत्या. आम्ही मुलं त्यांना काकी म्हणायचो. नवरा खलाशी. अवेळी आलेल्या वादळात बोट गेली, बाकीचे पोहत किंवा दुसऱ्या बोटीनं आले, तो आला नाही. गावातल्या तांडेलांनी बोटी घालून शोधलं आणि मग थांबवलं. अशा माणसासाठी शास्त्रात पालाशविधी सांगितला आहे. पळसाच्या देठांचा पुतळा करायचा, त्यात गेलेल्याला कल्पायचं आणि त्याला अग्नी द्यायचा. भटजींनी तो सुचवला, दीरही मागे लागले, कारण बोटीतला वाटा आणि घराचा कागद अडून बसला होता. काकींचं उत्तर ठरलेलं, "मेलेला कोणी बघितलाय काय?" कुंकू त्यांनी पुसलं नाही. जुनी माणसं म्हणत, अशानं बारा वर्षं वाट बघायची असते. आपला पुराव्याचा कायदा सात वर्षांत माणूस मेला असं धरून चालतो. काकी या दोन्ही हिशोबांत बसल्या नाहीत. त्या वेडसर आहेत असं गावात बोललं जाई, पण त्यांचा व्यवहार अगदी चोख होता. मासळीचा भाव त्यांच्याकडून कोणी तसूभर कमी करून घेऊ शकलं नाही.

बीजिंगच्या हॉटेलात जमलेल्या नातेवाइकांचे फोटो पाहताना मला त्या आठवायच्या. पहिल्या दिवसांत ही माणसं बेपत्ता आप्तांच्या मोबाइलवर फोन लावत होती आणि पलीकडे घंटी वाजल्याचं ऐकू येत होतं. घंटी ऐकू आली म्हणजे फोन चालू आहे असं नव्हे, जोडणी शोधताना यंत्रणाच तो आवाज देते, असं तज्ज्ञांनी समजावलं. तज्ज्ञांचं बरोबरच होतं. पण ज्याच्या कानात ती घंटी वाजली त्याला हे पटवायचं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. मलेशिया सरकारनं २९ जानेवारी २०१५ ला अधिकृतपणे हा अपघात जाहीर केला आणि सर्व जण मृत मानले, म्हणजे भरपाईचे व्यवहार सुरू होतील. अनेक घरांनी ते मानायला नकार दिला. पळसाचा पुतळा कागदाचा असला तरी नाकारणारी माणसं तीच.

सापडल्यानं सगळं मिटतं असंही नाही. १९७८ च्या पहिल्याच दिवशी एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' वांद्र्यासमोरच्या उथळ पाण्यात पडलं, २१३ जण गेले. तिथे शोधायचं काही नव्हतंच. १९८५ मध्ये आयर्लंडजवळ 'कनिष्क' पडलं, ३२९ जण गेले. दोन किलोमीटर खोलीवरून काळ्या पेट्या महिन्याच्या आत वर आल्या. तरी वीस वर्षांनी कॅनडातल्या मुख्य खटल्यात दोन्ही आरोपी सुटले. तरीही त्या घरांना काय झालं ते ठाऊक होतं, आणि राग कुणावर धरायचा याचीही काही कल्पना होती. एमएच ३७० च्या घरांना तेवढंही नाही. जुलै २०१५ मध्ये रियुनियन बेटाच्या किनाऱ्यावर पंखाचा एक भाग लागला, कवचवाल्या जीवांनी मढलेला. तो किनारा साफ करणाऱ्या कामगारांना दिसला. पुढे मोझांबिक, टांझानिया, मॉरिशस इथेही तुकडे मिळाले. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी तशाच विमानाचा खरा भाग मिळवून, कापून, समुद्रात सोडून तो कसा वाहतो ते पाहिलं आणि आधीच्या क्षेत्राच्या उत्तरेची जागा सुचवली. २०१८ मध्ये 'ओशन इन्फिनिटी' या खासगी कंपनीनं ती जागा आणि आणखी बरंच, १,१२,००० चौरस किलोमीटर पाहिलं. पुन्हा तोच शेरा. त्याच वर्षीच्या मलेशियाच्या अहवालात कारण ठरवता आलं नाही असं स्वच्छ लिहिलं आहे.

या कंपनीचा करार सापडल्यास पैसे, न सापडल्यास काही नाही, असा. २०२५ च्या मार्चमध्ये मलेशियानं पुन्हा तसाच करार मंजूर केला. १५,००० चौरस किलोमीटर नवं क्षेत्र, सापडलं तर ७ कोटी डॉलर. हवामानामुळे एप्रिलमध्ये काम थांबलं आणि ३० डिसेंबरपासून पुन्हा सुरू करायचं जाहीर झालं. नातेवाइकांना यात आशा दिसते आणि ती मी कोण हिरावून घेणार. पण या सौद्यात "इथे नाही" या उत्तराची किंमत शून्य धरली आहे, हे मला खटकतं. २०१७ पर्यंतची मोहीम सरकारी पैशांतून झाली. ऑस्ट्रेलियानं त्या तळाचे नकाशे सर्वांना खुले केले, आणि आज समुद्रविज्ञानाचा अभ्यास करणारं कुठलंही पोर ते उघडून त्यातले डोंगर, दऱ्या पाहू शकतं. शिवाय ज्याला फक्त सापडण्याचे पैसे मिळणार, तो नेहमी नव्या पाण्याकडे ओढला जाणार. पाहून झालेल्या तळातल्या शिखरांच्या सावलीतल्या, ध्वनी पोहोचला नाही अशा फटी तो का म्हणून पुन्हा तपासेल? अटलांटिकमधलं विमान अशाच काट मारलेल्या जागी निघालं होतं. माझ्या हाती असतं तर १५,००० पैकी काही हजार चौरस किलोमीटर तरी मी या जुन्या फटींसाठी राखले असते, आणि तेवढ्या भागापुरते न सापडण्याचेही पैसे ठरवून दिले असते.