मळकी खडी

मिरजेच्या आमच्या घरात पायपुसणी दोन होती. एक सगळ्यांचं, दुसरं आप्पांच्या बुटांचं. आप्पा रेल्वेत गँगचे मुकादम. बुटाच्या टाचेत रुतून रोज एखादा खडा घरी यायचा आणि आई तो झाडूनं अंगणात लोटायची. ताईनं एकदा त्यातलेच पाच निवडून सागरगोटे खेळून पाहिले. तळहात सोलवटला. "टोचणारच," आप्पा म्हणाले. "गोल दगड रुळाखाली चालत नाही, ओझं आलं की घरंगळतो. कोपऱ्यात कोपरा अडकला तर खडी."

पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग १९७१ साली ब्रॉडगेज झाला, तेव्हा मी तिसरीत होतो. लोंड्याकडची मीटरगेज आणि पंढरपूरची नॅरोगेज होतीच; एका गावात तीन मापांचे रूळ. नव्या लाइनीची खडी निळसर काळी, पावसात चकाकणारी. यार्डातल्या खडीला मात्र खडी म्हणवत नसे. इंजिनांची राख, तेल, वाघिणीतून सांडलेलं धान्य आणि त्यातून उगवलेली ज्वारीची चार ताटं. आप्पांचा जन्म त्या घाणीशी भांडण्यात गेला. खडीत माती भरली की पाणी निचरत नाही, आणि पाणी तुंबलं की गाडीखाली स्लीपर चिखलात उठाबशा काढतो. मग उपसा, चाळा, परत भरा. त्याला ते छाननी म्हणत.

मी बँकेत चिकटलो. १९९८ साली पुण्यात भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं, तिथं लेकीला घेऊन गेलो. ती गाड्या बघत होती, मी रुळांखाली.

निवृत्तीनंतर बाल्कनीत दोन फळ्या टाकून छोट्या रेल्वेचं यार्ड मांडलं. प्रमाण एकास ८७. तयार मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा, म्हणजे परदेशी गेजचा. आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला १९ च्या वर हवा. ते सोडून दिलं. खडी सोडवेना. ५० मिलिमीटरचा दगड या मापात अर्ध्या मिलिमीटरहून जरासाच मोठा होतो. क्रशरवरून काळ्या दगडाची कच आणली, चहाच्या गाळणीनं चाळली, मग कागद गुंडाळलेलं लोहचुंबक त्यातून फिरवलं. बघता बघता चुंबकाला मिशा फुटल्या! आपल्या सह्याद्रीच्या दगडात लोहखनिजाचे कण असतात, आणि इंजिनाच्या मोटरीत चुंबक. तशीच पसरली असती तर कच मोटरीत जाऊन बसली असती.

पुढचं काम सुईदोऱ्याचं. चमच्यानं खडी टाकायची, मऊ ब्रशनं स्लीपरांमध्ये सारायची, एकही दाणा स्लीपरवर ठेवायचा नाही. भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब घातलेलं पाणी फवारायचं, नाहीतर फेविकॉलचं पाणी मुरत नाही, दाण्यांना घेऊन गोळी होतं. मग ड्रॉपरनं थेंब थेंब. रूळ बदलायच्या सांध्यापाशी हात आखडता, आणि वाळेपर्यंत सांधा हलवत राहायचं. एक चिकटवून मोडलाय, म्हणून सांगतो.

सकाळी पाहिलं तर यार्ड लग्नाच्या हॉलसारखं स्वच्छ. बहुतेक हौशी लोक इथंच थांबतात, आणि इथंच फसतात. मळ कुठंही शिंपडून चालत नाही, त्याला कारण लागतं. गाड्या ब्रेक लावतात तिथं बिडाच्या ब्रेकची भुकटी पडून खडी तांबूस होते. इंजिन उभं राहतं तिथं रुळांच्या मधोमध तेलाचा काळा पट्टा. चालत्या लाइनीचा रूळ फक्त माथ्यावर चकाकतो, कुशीला गंजलेलाच. पडीक साइडिंगचा माथ्यावरही गंजतो. तीन नंबरच्या लाइनीत स्लीपर जवळजवळ मातीत बुडवले. दीड महिना घाण करत होतो.

आप्पा आता अठ्ठ्याऐंशीचे. खुर्ची ओढून भिंगातून बराच वेळ बघत राहिले. सिग्नल नाही, शेड नाही, हौसेनं घेतलेलं इंजिनही नाही; भिंग तीन नंबरवर येऊन थांबलं.

"इथली छाननी कधी केली होती?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेलो तर जुना टूथब्रश घेऊन ते तीन नंबरपाशी बसले होते. फेविकॉल पक्का बसलाय, काही निघत नाही.