बादलीचे ओझे उतरले
घरातील ज्येष्ठांनी जपलेले खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय बंद करण्याचा आग्रह धरण्यापूर्वी थोडे थांबा. २० लिटरची बादली म्हणजे २० किलोंचे ओझे. माझ्या वडिलांच्या कंबरेला ते पेलवेना, आणि मासे तर त्यांना सोडवेनात. आम्ही टाकीशेजारीच झाकणाचे पिंप मांडले. आर.ओ.चे पाणी नळीने त्यात येते. लिटरमागे सुमारे ३५ ते ३८ ग्रॅम मत्स्यालयाचे मीठ (स्वयंपाकाचे नव्हे!) थोडे थोडे घालावे, बुडता पंप ते घुसळत राहतो. पाणी नितळ होऊन क्षारतामापकात ३५चा आकडा दिसला, की टाकीतले थोडे जुने पाणी काढून तोच पंप नवे चढवतो. वायरीला सॉकेटखाली झोळ ठेवावा, म्हणजे ओघळ विजेपर्यंत पोहोचत नाही. सांडलेले पाणी तत्काळ पुसावे. मीठ मोजणे मात्र बाबांचेच. तिथे आम्हांला मज्जाव आहे.