फ्रिजची घरघर

कोकणातल्या पावसात आमच्या घरची यंत्रे माणसांसारखी रुसतात. मिक्सर मसाला अर्धवट वाटून गप्प होतो. वॉशिंग मशीन नेमके कपडे पिळायच्या वेळी थांबते. संध्याकाळी वीज इतकी मंदावते, की पंखा फिरतो आहे की विचार करतो आहे, तेच कळत नाही. दुरुस्तीवाला "उद्या येतो" म्हणतो. त्याचा उद्या काही उगवत नाही.

हे सारे आम्ही हसण्यावारी नेतो. फ्रिज बंद पडला, की मात्र हसू थांबते. त्यात अम्मींचे इन्सुलिन असते. न उघडलेल्या बाटल्यांना 2 ते 8 अंश सेल्सिअसचा गारवा लागतो. उन्हाळ्यात माठ थोडाफार आधार देतो, कारण झिरपलेले पाणी उडताना उष्णता घेऊन जाते. पावसाळ्यात हवाच ओली. पाणी उडत नाही, माठ गार होत नाही. दार बंद ठेवले तर फ्रिज साधारण 4 तास गारवा धरतो. तेवढ्यात वीज आली नाही, तर आम्ही बाटल्या थर्मासमध्ये घालून, बर्फाला टेकू न देता, इन्व्हर्टर असलेल्या औषधाच्या दुकानात नेऊन ठेवतो.

अशा अंधारात घरातली स्वप्ने बोलू लागतात. अम्मींना खाडीकडे तोंड केलेली आरामखुर्ची हवी. अब्बांना चापट न मारता चालणारा रिमोट हवा. धाकटीला विमानाने उमराहला जायचे आहे, तेही खिडकीजवळ बसून.

आणि आम्हा दोघांना? फ्रिजची घरघर ऐकत एक अख्खी रात्र निवांत झोपायचे आहे. इन्शाअल्लाह!