घाम वाळेना तेव्हा

कात्रजचा घाट उतरलेला पुणे-सातारा महामार्ग शिवगंगेच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे जातो आणि खेड शिवापूर ओलांडल्यावर, नसरापूरचा चेलाडी फाटा येण्याआधी, भोर तालुक्यातील वरवे बुद्रुक लागते. महाराष्ट्राच्या अशा ग्रामीण भागात भल्या पहाटे रस्त्याच्या कडेने धावणाऱ्यांत हौसेने धावणारे थोडे असतात; भरतीची तयारी करणारी मुले-मुलीच अधिक दिसतात. पोलीस शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत 50 पैकी 20 गुण एकट्या लांब धावण्याला आहेत, आणि ते पूर्ण मिळवायचे तर मुलांना 1600 मीटर अंतर 5 मिनिटे 10 सेकंदांत, तर मुलींना 800 मीटर अंतर 2 मिनिटे 50 सेकंदांत कापावे लागते. ज्या घरात या नोकरीवर सगळ्यांची आशा टांगलेली असते, त्या घरातल्या मुलाला मे महिन्यात आपली वेळ दहा-पंधरा सेकंदांनी घसरलेली दिसली, की तो स्वतःला दोष देतो आणि दुसऱ्या दिवशी अधिक जोर लावतो. त्याच्या बाजूने हवेची साक्ष काढणे आवश्यक आहे.

भोरचा उन्हाळा एकसारखा नसतो. चैत्रातले ऊन कोरडे असते, ते चटके देते, पण सावलीत गेले की निवते. वैशाख सरताना मात्र पश्चिमेकडून बाष्प येऊ लागते, दुपारी वळवाचे ढग दाटतात, वारा पडतो, पाऊस हुलकावणी देतो आणि जिवाची तगमग सुरू होते. या उकाड्यात तापमापकाचा आकडा चैत्रापेक्षा कमी असू शकतो, तरीही धावणे अधिक जड जाते, आणि त्याचे कारण घामाच्या स्वभावात आहे. धावताना स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो, बाकीची उष्णता होऊन शरीरात साठू लागते. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम, परंतु घाम येण्याने शरीर निवत नाही, तो वाळण्याने निवते. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि तोच घाम हनुवटीवरून टपकला तर जवळजवळ काहीच नेत नाही. पावसाळ्यात माठातले पाणी गार होत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे: माठ पाझरतो, पण भोवतालची हवा आधीच ओलीने भरलेली असल्यामुळे पाझर वाळत नाही.

हवेत त्या तापमानाला मावू शकणाऱ्या बाष्पापैकी किती बाष्प प्रत्यक्षात आहे, त्या प्रमाणाला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. हे प्रमाण बहुधा पहाटेच सर्वाधिक असते, म्हणून पहाटेची हवा गार लागूनही अंगाला चिकटते. तरीही डोक्यावर ऊन नसल्याने धावायला पहाटच बरी. भातशेतीच्या या मुलखात त्या हवेत आणखी एक भर पडते. रोपे टाकण्यापूर्वी जमिनीच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या आणि गवत यांचे थर रचून ते जाळण्याची, म्हणजे राब भाजण्याची, जुनी रीत आहे, आणि वारा पडलेला असेल तर त्याचा धूर वर न जाता बांधांवर पसरून राहतो. अशा दिवशी धापा टाकत वेगाची धाव घेण्यात शहाणपण नाही.

ऊन, आर्द्रता आणि वारा यांचा एकत्रित ताण मोजण्याची जी पद्धत आज सैन्यात आणि क्रीडाक्षेत्रात वापरली जाते, ती 1950च्या दशकात अमेरिकी मरीन दलाच्या प्रशिक्षण तळांवर नवे रंगरूट उष्माघाताने कोसळत होते म्हणून तयार झाली, ही गोष्ट भरतीच्या प्रत्येक उमेदवाराला सांगण्याजोगी आहे. तीत ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाला 70 टक्के, उन्हात टांगलेल्या काळ्या गोळ्यातील तापमापकाला 20 टक्के आणि साध्या तापमापकाला केवळ 10 टक्के वजन दिले जाते. बातम्यांत रोज सांगितला जाणारा आकडा या हिशेबात सर्वांत हलका ठरतो.

उकाड्यात रक्ताला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात, स्नायूंना प्राणवायू पुरवायचा आणि उष्णता त्वचेपर्यंत आणून सोडायची. म्हणून त्याच वेगाला नाडी अधिक जलद चालते आणि वेग घसरतो. यात इच्छाशक्तीचा प्रश्नच नाही. 27 सप्टेंबर 2019 रोजी कतारमधील दोहा येथे जागतिक स्पर्धेतील महिलांची मॅरेथॉन ऊन टाळण्यासाठी मध्यरात्रीच्या सुमारास सुरू करण्यात आली, तरी निघालेल्या 68 जणींपैकी 28 जणींना ती सोडावी लागली. विजेत्या केनियाच्या रुथ चेपन्गेटिच यांना 2 तास 32 मिनिटे 43 सेकंद लागले, आणि याच धावपटूने त्याच वर्षी जानेवारीत दुबईत हेच अंतर 2 तास 17 मिनिटे 8 सेकंदांत कापले होते. जगज्जेतीची पंधरा मिनिटे हवा घेऊन जाते, तिथे वरव्याच्या मुलाने पंधरा सेकंदांसाठी खंतावू नये.

शरीर मात्र शिकते. रोज थोडा वेळ, सावकाश गतीने उकाड्यात धावल्यास दहा ते चौदा दिवसांत रक्तातील द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. सराव सुटला की काही आठवड्यांत हा लाभ ओसरतो. पिण्यासाठी दुकानातल्या रंगीत बाटलीची गरज नाही, मीठ घातलेले ताक, कोकम सरबत किंवा पन्हे घरात असतेच. फक्त तहान नसताना नुसते पाणी तांब्यावर तांब्या ढोसू नये, कारण त्याने रक्तातील सोडियम पातळ होऊन वेगळेच संकट ओढवते.

धावणारा सोबती अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात असू शकतो, मग त्याचे अंग घामाने भिजलेले असले तरीही. त्याला ताबडतोब सावलीत आडवे करा, विहिरीचे असो वा टाकीचे, मिळेल ते गार पाणी भरपूर ओता, वारा घाला, शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नका.