वेळ नदीचा बंधारा, तोच पूल

वेळ नदी खेड तालुक्यात उगम पावते आणि शिक्रापूर, तळेगाव ढमढेरेच्या शिवारातून वाहत भीमेला मिळते. शिरूर तालुका पर्जन्यछायेतला, त्यामुळे पूर्वी उन्हाळ्यात तिच्या पात्रातून बैलगाडी सहज पार होई. पावसाळ्यात पूर आला की पलीकडचे लोक पलीकडेच अडकत.

पूर्ण लाकडाचा पूल या भागात रुजला नाही. पुण्यात पानिपतानंतर, १७६१ मध्ये, मुठेवर लाकडी पूल बांधला गेला. पुढे तो दगडी झाला, लोकांच्या तोंडी नाव मात्र लकडी पूलच राहिले. देशावर लाकूड एकदा भिजते, एकदा तापते. उरलेले वाळवी खाते. पुरात वाहून आलेली झाडे खांबांना अडकली की त्यांच्यामागे पाणी तुंबते आणि सांगाडाच उखडतो. शिवाय लांब, सरळ सागवान जवळपास मिळत नाही.

इथल्या नदीत लाकूड आले ते कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यातून. पात्रात ओळीने खांब, खांबांना उभ्या खाचा आणि त्या खाचांत एकावर एक आडव्या फळ्या, अशी त्याची रचना असते. फळ्यांच्या दोन रांगा लावून मध्ये चिकणमाती भरतात. पावसाळा सरताना फळ्या बसवायच्या आणि जूनच्या आत काढून घ्यायच्या. पुराला वाट मोकळी राहते आणि गाळही वाहून जातो. आमच्याकडे या फळ्यांना ढापे म्हणतात.

ढापे बसवण्याचे काम मी जवळून पाहिले आहे. छातीभर पाण्यात उतरलेला माणूस पहारीने फळी खाचेत दाबतो. सांध्यातून पाण्याची बारीक धार सुटते. तो तिथे गवत आणि माती कोंबतो, हात लावून पाहतो, पुन्हा कोंबतो. लाकडी ढापा भिजला की फुगून सांधा आवळतो, हा त्याचा मोठा गुण. पण काढल्यानंतर काठावर उघडा पडला की तो पिळवटतो, तडकतो आणि पुढच्या वर्षी खाचेत बसत नाही. म्हणून लोखंडी ढापे आले. तेही गंजतात, आणि भंगारासाठी चोरीला जातात. एक ढापा गेला तरी साठा उतरतो आणि काठावरच्या विहिरींना ते लगेच जाणवते.

खांबांवरची अरुंद फरशी खरे तर ढापे काढणाऱ्यांसाठी असते. लोकांनी तिचा रस्ता केला. शाळेची मुले, दुधाच्या किटल्या लावलेल्या दुचाकी, शेळ्या, सगळे तिच्यावरूनच जातात, आम्हीही गेलो. बाजूला कठडा नसतो, कारण पूर फरशीवरून जातो आणि कठड्याला झाडेझुडपे अडकतात. सरकारने अशा प्रत्येक वर्दळीच्या बंधाऱ्याजवळ वेगळा पूल बांधावा. तोवर फरशीवरून पाणी वाहत असेल तर, कितीही घाई असो, कोणीही पलीकडे जाऊ नये.