घंटेचा हेलकावा

नाशिककराने घंटेविषयी लिहायचे तर आधी नारोशंकराच्या घंटेला नमस्कार केला पाहिजे. १७२१ हे साल अंगावर मिरवणारी ती पोर्तुगीज घंटा, वसई १७३९ साली मराठ्यांनी जिंकल्यावर इकडे आली. माझी गोष्ट मात्र फारच लहान घंटेची आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी चिंच लावून घासताना देवघरातली काशाची घंटा माझ्या हातून फरशीवर पडली आणि तडकली. आई काही बोलली नाही. तिला आता दिसत नाही; पूजेतले फूल हाताला, धूप नाकाला आणि घंटा कानाला, एवढेच तिच्यापाशी उरले आहे. तिचे ते न बोलणेच मला लागले.

एका गणपतीत भाच्याने मोबाइलवर आरती ध्वनिमुद्रित केली होती. आरती संपल्यावर घंटेचा शेवटचा टोला तीत एकटाच चार सेकंद घुमतो. गणित शिकवण्यात माझा जन्म गेला. म्हटले, यातून घंटा पुन्हा उभी करू.

घंटेचा नाद हा एक सूर नव्हे, सुरांचा मेळा असतो. तारेचे उपस्वर मूळ सुराच्या पटीत येतात, घंटेचे तसे येत नाहीत. (मृदंग-तबल्याचे कातडे शाईच्या भारामुळे पटीत बोलते, हे रामन यांनी १९२० सालीच दाखवले.) प्रत्येक सूर म्हणजे हळूहळू विरत जाणारी एक लाट. तिची कंपनसंख्या, सुरुवातीचा जोर, विरण्याचा वेग आणि आरंभीची स्थिती असे चार आकडे मिळाले की ती कागदावर आली. लाटा वेगळ्या काढायची युक्ती फूरिए या फ्रेंच गणितज्ञाची. १८२२ सालच्या त्याच्या ग्रंथाचा विषय मात्र उष्णता!

आकडे काढले, लाटांची बेरीज केली आणि आईला ऐकवली.

"ही आपली नव्हे रे," ती म्हणाली. "आपली हेलकावे घेते."

मी चिडलो. मग हिशेब पुन्हा तपासला. पुढे कुणाचा तरी खोकला होता, म्हणून मी टोल्याचा पहिला अर्धाच सेकंद घेतला होता. अर्ध्या सेकंदाच्या तुकड्यात, सेकंदाला दोन कंपनांहून कमी फरकाचे दोन सूर या रीतीने वेगळे दिसतच नाहीत. आणि घंटा काही तंतोतंत गोल नसते. ओतताना एखादी बाजू किंचित जाड राहते आणि एका सुराचे दोन जवळजवळचे सूर होतात. ते कधी एकमेकांना उचलतात, कधी दाबतात. तंबोऱ्याची जोड लावताना, तारा जुळेपर्यंत जी लाट ऐकू येते, तीच ही. पुस्तकात तिला विस्पंद म्हणतात. मी दोन सुरांचा एक करून टाकला होता.

खोकल्यासकट चारही सेकंद घेतले. जोडी सुटी झाली. या खेपेस आईने मान डोलावली आणि पुन्हा लावायला सांगितले, तीनदा.

आरतीला मात्र ती मोबाइल चालू देत नाही. तडकलेलीच वाजवते. बद्द वाजते ती.