टोचन, चढ आणि मान टाकणारी गाडी

वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातलं केनवड हे मालेगाव–मेहकर रस्त्यावरचं गाव. इथून अकोल्याला निघालं की मालेगाव, मेडशी आणि मग पातूरचा घाट. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे 280 मीटरवर, वाशिम साडेपाचशेच्या घरात. म्हणजे जाताना उतार, येताना चढ. अशा परतीच्या वाटेवर कुणाची तरी बंद गाडी टोचनानं ओढत आणायची असते, आणि सपाटीवर कधीही कुरकुर न करणारी डिझेल पिकअप नेमकी घाटात मान टाकते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. गॅरेजात नेली तर ठणठणीत.

‘ओझं झेपलं नाही’ हे लोकांचं निदान अर्धवट आहे. हिशेब करून पाहावा. दोन्ही गाड्या मिळून 4 टन वजन सपाट रस्त्यावर ताशी 25 किलोमीटरनं न्यायला, नुसत्या चाकांच्या घर्षणापोटी, पाच-सहा अश्वशक्ती पुरते. वीस मीटरला एक मीटर असा चढ लागला की त्यात आणखी 18 अश्वशक्तीची भर पडते. एवढी ताकद त्या इंजिनात असतेच, पण तिच्यासाठी डिझेल चौपट लागतं. ओझ्यानं थकलेलं इंजिन आधी हळू होतं, गिअर मागतं. चालकानं गिअर टाकूनही ते बंद पडत असेल, तर कुठे तरी डिझेल अडतंय किंवा वीज तुटतेय.

यातलं कोणतं, हे चालकाला विचारूनच बरंचसं कळतं. झटके खात, दम तोडत बंद पडली, की चावी फिरवल्यासारखी एकदम? झटके असतील तर टाकीपासून सुरुवात करावी. चढावर टाकीतलं डिझेल मागच्या बाजूला सरकतं. पातळी कमी असेल आणि शोषनळी पुढच्या बाजूला असेल तर ती हवा ओढते. शेतातल्या ड्रममधून कॅननं भरलेल्या डिझेलबरोबर धूळ आणि पाणी येतं, फिल्टर बुजतो. सपाटीवर लागणारं थोडं डिझेल त्यातून जातं, घाटातलं जात नाही. आणि टाकीचं झाकण! त्यातली हवेची वाट चिखलानं बंद झाली की डिझेल कमी होईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढणं जड जातं. थांबल्यावर हवा हळूहळू आत शिरते म्हणूनच गाडी पुन्हा सुरू होते. बंद पडल्याबरोबर झाकण उघडावं. ‘फुस्स’ करून हवा आत गेली तर चोर सापडला.

एवढ्यानं भागलं नाही तर फिल्टरच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडावा. चालत्या इंजिनात बुडबुडे दिसले तर टाकीकडची नळी, क्लिप किंवा वॉशर हवा घेतंय. डिझेल तिथून गळत नाही, कारण तिथे दाब नसून ओढ असते. त्यामुळे नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. हे सगळं सोडून आधी हायप्रेशर पंप उतरवायची मिस्त्री मंडळींची घाई मला कधीच पटलेली नाही. गाडीतला तो सगळ्यांत महागड्या भागांपैकी एक.

एकदम बंद पडणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. कॉमन रेल इंजिनात क्रँकशाफ्टजवळचा सेन्सर इंजिन फिरतंय की नाही ते संगणकाला सांगतो. घाटात वेग कमी, इंजिन तापलेलं, समोरून वारा नाही. खराब होत आलेला सेन्सर त्या उष्णतेत गप्प होतो आणि संगणक डिझेल तोडतो. खूण अशी की गाडी गिअरमध्ये असून अजून पुढे सरकतेय, चाकं इंजिनाला फिरवताहेत, पण आरपीएमचा काटा थेट शून्यावर. गार झाला की सेन्सर पुन्हा बोलू लागतो. रिलेचा सैल संपर्क किंवा कुठे घासलेली वायरही असाच खेळ करते.

म्हणून स्कॅनर गॅरेजात लावून ‘फॉल्ट नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. तो लावून, मागे वजन जोडून घाटातच जावं. चालकानं चालवावं, मिस्त्रीनं शेजारी बसून संगणकानं मागितलेला रेलमधल्या डिझेलचा दाब आणि प्रत्यक्ष मिळणारा दाब पाहावा. इंजिन मरण्याआधी दोघांत फरक वाढत गेला तर इंधन, दाब शेवटपर्यंत ठीक राहून आरपीएमचा आकडाच नाहीसा झाला तर वीज.

या चाचणीत एक धोका मात्र आहे. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत थांबते. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंगही जड होतं. ओढलेल्या गाडीच्या ब्रेकची अवस्था आधीपासूनच तशी असते. त्यामुळे तिच्यातही जाणता चालक हवा, दोराऐवजी लोखंडी टोचन हवं, आणि चाकामागे दगड लावायला तिसरा माणूस.